घराचं नाक

त्या घराच्या तळघरात सायडरची बारा पिंपं होती, वरच्या खोल्यांत तीन माणसं होती आणि या सगळ्यांत मिळून चालणारं नाक एकच होतं. ते थोरलीचं. दिसायला म्हणाल तर बसकं, टोकाशी जरा लालसर; पण कोणी घराचा पत्ता विचारला की गल्लीतले लोक सांगत, "ते होय, नाकवालीचं घर."

लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या हाताला ना स्वयंपाकाची चव होती, ना शिवणाची सफाई. सासू कपाळाला हात लावून बसली. सासरे मात्र एके दिवशी तिला तळघरात घेऊन गेले. सफरचंदं कुटून, घाण्यात दाबून, निघालेला रस पिंपांत महिनोन् महिने आंबवून सायडर करायची, हा त्या घराचा पिढीजात धंदा. सासऱ्यांनी वेगवेगळ्या पिंपांतून थोडी थोडी सायडर काढून तिच्यापुढे पेले मांडले.

"कसं आहे?"

"आंबट."

"आंबट तर तुझी सासूपण आहे. कशासारखं आंबट?"

तिने पुन्हा हुंगलं. एक होतं ओल्या लोकरीसारखं, एक हिरवा देठ मोडल्यासारखं, एक पावाचं पीठ झाकून विसरून गेल्यावर येतं तसं. शेवटच्या पेल्यावर मात्र तिने तोंड वाकडं केलं. "यात कोणीतरी गंजका खिळा टाकलाय." सासऱ्यांनी पिंप रिकामं करून दिवा आत सोडला. पिंपाभोवतीच्या लोखंडी पट्टीचा एक खिळा लाकडातून आत आला होता.

त्या दिवसापासून तळघराची किल्ली तिच्या कमरेला आली. सासऱ्यांना मुलगे दोन होते, पण थोरला तंबाखूचा भक्त आणि धाकट्याचं नाक बारा महिने चोंदलेलं. सासऱ्यांनी नियमच घालून दिला, की वसंतात पिंपं उघडेपर्यंत नाकाशिवाय कोणी चाखायचं नाही. त्यामागे कारणही होतं. जो उठतो तो बूच काढतो, बूच काढलं की हवा आत जाते, आणि हवा ही सायडरची सवत.

पुढे सासरे गेले, सासू गेली, तंबाखूने थोरल्यालाही नेलं. थोरलीला मूलबाळ नव्हतं. माहेरी आता भावाच्या सुना आल्या होत्या. सासू जिवंत असताना हसत हसत म्हणायची, "नाक आहे म्हणून ठेवून घेतलीय हिला." म्हणायची गमतीतच, पण तीच गंमत रोज झाली की माणूस ती रात्री उशाशी घेऊन झोपतो. थोरली ती कधी विसरली नाही.

आणि यंदाच्या हंगामात, शेवटचा घाणा उरकत आलेला असताना, तिला ताप आला.

ताप साधा नव्हता. उतरायचं नाव घेईना. धाकटी जाऊ, जी एरवी तिच्याशी कामापुरतंच बोलायची, ती पाण्यात व्हिनेगर घालून त्याच्या पट्ट्या तिच्या कपाळावर ठेवत बसे. ताप उतरला आणि थोरली भिंत धरत पहिल्यांदा खाली गेली. पहिल्या पिंपाचं बूच काढून तिने नाक लावलं. काही नाही. दुसऱ्याला लावलं. काही नाही. सफरचंदाचा चोथा टोपलीत पडला होता, त्यात तिने तोंड खुपसलं. गार आणि ओलं लागलं, एवढंच. भिंत हुंगावी तसं.

डॉक्टर म्हणाले, "तापात वास जातो कधीकधी. येतो परत. बऱ्याच जणांचा येतो."

"आणि बाकीच्यांचा?"

डॉक्टरांनी औषध लिहायला घेतलं.

घरी येऊन ती कोणाला काही बोलली नाही. आज येईल, उद्या येईल, म्हणत राहिली. आपला हात मोडला तर माणूस गळ्यात बांधून मिरवतो. नाक गेलं हे कोणाला दाखवणार? आणि दाखवलं तर मग या घरात आपण कशासाठी, ते काय सांगणार? लोणी लावलेल्या पावात आणि कोऱ्या कागदात तिला आता फरक कळत नव्हता. जिभेला गोड कळायचं, खारट कळायचं, आंबट कळायचं. पण कशासारखं आंबट, ते जीभ सांगत नव्हती. ते नेहमी नाकच सांगायचं.

हिवाळाभर तळघरात एक काम असतं. पिंपाचं लाकूड सायडर पितं, पातळी खाली जाते, वर रिकामी जागा राहते. त्या जागेत हवा बसली की माल बिघडलाच म्हणून समजा. म्हणून बाजूला एक छोटं पिंप राखून ठेवायचं आणि त्यातली सायडर रबरी नळीने बाकीच्यांत घालून त्यांना काठोकाठ ठेवायचं. या छोट्या पिंपाला घरात 'पिल्लू' म्हणत. पिल्लू सगळ्या आयांना दूध पाजतं, असा सासऱ्यांचा विनोद. आणि पिल्लातून नळी लावण्याआधी ते दर वेळी हुंगायचं, कारण ते स्वतः अर्धं रिकामं असतं, सगळ्यांत आधी तेच बिघडतं. सासऱ्यांनी ही एक गोष्ट तिला शंभरदा सांगितली असेल.

थोरलीने दर वेळी पिल्लू हुंगलं. सवयीने. धाकटा दीर जिन्यावर उभा राहून विचारी, "काय म्हणतंय, वहिनी?" आणि ती न वळता म्हणे, "ठणठणीत आहे." मग नळी लावी. अकरा पिंपांना तिने असं पाजलं. बारावं जिन्याखालचं, लहानसं. त्याच्यापाशी गुडघ्यांवर रांगत जावं लागतं. तापाने गुडघ्यांत बळ राहिलं नव्हतं. नंतर बघू, म्हणून ते राहून गेलं.

वसंत आला. अंगणात बाकं मांडली, खिडकीत काउंटर लावला, पिंपं उघडली.

आता गिऱ्हाइकांचं म्हणाल तर त्या घराची सायडर लोकांना बऱ्याच वर्षांपासून नकोशी झाली होती. बाजारात बाटलीतली मिळते ती गोड, काचेसारखी स्वच्छ आणि फेसाळ. ही बिनगोडाची, गढूळ, बिनफेसाची. काउंटरवर धाकटी बसायची आणि तिचे कान किटून गेले होते.

"यात साखर नाही?"

"नाही हो."

"गढूळ का आहे? खाली काय बसलंय?"

"तो गाळ आहे. पोटाला काही होत नाही."

"फेस कुठाय?"

यावर मागून थोरली म्हणे, "फेस साबणाला असतो." बाकांवरचे जुने लोक हसत. नवीन गिऱ्हाईक पेला अर्धा टाकून जाई. धाकटी कपाळावर आठ्या घालून म्हणे, "ताई, अहो एक पिंप तरी गोड करू या. लोकांना गोड हवंय."

"लोकांच्या जिभा साखरेने बधिर झाल्यात. त्याला मी काय करू?"

"मला स्वतःला आवडत नाही तुमची सायडर. आंबट लागते. मी रोज हेच विकते आणि रोज खोटं हसते."

"तुला कशाला आवडायला हवी? तू काउंटर सांभाळ." आणि पुढे, अगदी ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, "गाढवाला गुळाची चव काय."

वीस वर्षं असं चाललं होतं. अलीकडे मात्र एक तिसरीच जात येऊ लागली होती. शहरातून येत, पिंपांचे फोटो काढत, पेला उजेडात धरून गढूळपणाचं कौतुक करत, "हे खरं, हे अस्सल," असं म्हणत. त्यांना ती आवडे असंही नाही. बाकाशेजारच्या कुंडीतलं रोप मागच्या वर्षी का मेलं, हे धाकटीला माहीत होतं. तिने एकाला पेला हळूच त्यात ओतताना पाहिलं होतं. पण तोंडाने तो "अप्रतिम" म्हणून गेला होता. त्यांच्या मते जुनी गोष्ट म्हटली की ती थोडी त्रास देणारच.

दीर यंदा निर्वाणीचं बोलला होता. जेवताना, नाक पुसत पुसत. "वहिनी, शहरातला एक बारवाला येतोय पुढच्या आठवड्यात. त्याला जुन्या पद्धतीचीच हवीय. त्याने घेतली तर घेतली. नाहीतर मी घाणा विकतो. तळघर टायरच्या गोदामाला जाईल. आपल्याच्याने आता होत नाही हे."

"आणि मी?" हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने पाण्याचा घोट घेतला.

बाकं मांडल्याच्या पहिल्याच रविवारी एक तरुण जोडपं आलं. मुलीने घोट घेतला आणि ओरडलीच, "ई! व्हिनेगर आहे हे!"

थोरली कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "बाळ, साखरेच्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला सगळंच व्हिनेगर लागतं. तू लिमलेट घे." जुनी मंडळी हसली, नेहमीसारखीच, पण जरा उशिरा हसली. मुलगी लालबुंद होऊन उठली. थोरलीला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी तिला आपण पूर्वीच्याच आहोत असं वाटलं.

मग तिचं लक्ष गवंड्याकडे गेलं.

हा गवंडी सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. सायडर एका दमात प्यायची, पेल्याची कड अंगठ्याने पुसायची आणि पेला पालथा ठेवायचा, ही त्याची रीत. त्या दिवशी त्याने पेला कुंडीच्या मागे, कोणाला दिसणार नाही असा सरकवला आणि टोपी घेऊन निघाला. थोरलीने तो उचलला. अर्धा भरलेला होता. गवंड्याने अर्धा पेला सोडणं म्हणजे अर्धी भिंत सोडून जाणं.

दुसऱ्या दिवशी ती तो काम करत होता तिथे गेली. शाळेच्या मागची भिंत चढवत होता. तिला बघून त्याने थापी खाली ठेवली.

"काल पेला सोडलात."

"पोट जरा बरं नव्हतं, वहिनी."

"खोटं बोलताना तुमची थापी वाकडी होते. ती बघा."

तो हसला नाही. त्याने सिमेंटचे हात एकमेकांवर चोळले. "मी काय सांगणार तुम्हाला? तुम्ही सांगायचं, आम्ही प्यायचं, असं आहे आपलं."

"सांगा."

"आमची ही खिडकीच्या काचा पुसते ना, त्या व्हिनेगरच्या पाण्याचा वास आला मला." आणि घाईघाईने, जणू त्यानेच काही गुन्हा केला होता, "मला वाटलं माझंच तोंड बिघडलं असेल, वहिनी. बाकावर सगळ्यांना तसंच वाटलं. तुमचं नाक चुकायचं नाही, म्हणून कोणी बोललं नाही."

ती घरी कशी आली तिला कळलं नाही. सरळ तळघरात गेली. पिल्लाचं बूच काढून ती हिवाळाभर नुसती नाक लावत आली होती, आत डोळ्यांनी तिने एकदाही पाहिलं नव्हतं. नाक असलेल्याने डोळे कशाला वापरावे? आज तिने वरची फळीच काढली, दिवा धरला. आत दुधावर धरावी तशी साय धरली होती. जाड, पिवळट, सुरकुतलेली. तिने बोट घातलं तर ती बोटाबरोबर वर आली आणि ओल्या कातड्यासारखी लोंबत राहिली. व्हिनेगर धरतं तेव्हाच अशी साय येते. नव्या नवरीलाही हे कळतं.

अकरा पिंपांना तिने हिवाळाभर हे पाजलं होतं. आपल्या हाताने. काठोकाठ.

ती पायरीवर बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला फक्त त्या मुलीचं लालबुंद तोंड आठवत राहिलं. वर्षानुवर्षं लोक 'आंबट आहे, आंबट आहे' म्हणत होते आणि वर्षानुवर्षं ती त्यांना उडवून लावत होती. आणि खरोखर आंबलं तेव्हा सांगणारं तोंडच कोणी उरलं नव्हतं. ज्यांना आवडत नव्हती त्यांची तिने खिल्ली उडवली, ज्यांना आवडत होती ते तिच्या नाकाच्या भरवशावर गप्प बसले.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. बारवाला यायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी काहीतरी शोधायला खाली आली, तर थोरली जमिनीवर बसून एका भांड्यात सायडर घेऊन तीत साखर ढवळत होती. चमचा चमचा घालून, घोट घेऊन, पुन्हा घालून. शेजारी साखरेचा डबा. स्वयंपाकघरातून लपवून आणलेला.

धाकटी पायरीवरच थांबली. "वीस वर्षं मी म्हणत होते साखर घाला," ती म्हणाली, "तेव्हा मी गाढव होते."

थोरलीने मान वर केली नाही. चमचा भांड्याच्या काठावर वाजत राहिला.

"पिण्याजोगी झाली का गं?" तिने विचारलं. आवाज असा, की धाकटी उरलेल्या पायऱ्या उतरून आली.

"मला कशाला विचारता?"

"मला कळत नाही."

धाकटी तिच्यापुढे उकिडवी बसली. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"हिवाळ्यात दूध करपून घरभर वास सुटला, आणि तुम्ही शेगडीशेजारी बसून वाटाणे सोलत होतात. तेव्हाच कळलं. तेव्हापासून गॅस मीच बघते. तुमच्या खोलीत उंदीर मरून पडला होता कपाटामागे, तोही मीच काढला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कोणाचं ऐकून घेता का, जाऊबाई?" ती चिडून म्हणाली, मग सूर खाली आला. "आणि मला वाटलं, नाक गेलं तरी काय, हाताला इतक्या वर्षांची सवय आहे, होईल नीट. सायडर मला नेहमीच आंबट लागते. यंदा जास्त आंबट आहे की कमी, ते मला काय कळणार?"

थोरलीने तिला पिल्लाची साय दाखवली. धाकटीने दिवा जवळ धरून ती बोटाने ढकलून पाहिली.

"सगळी?"

"जिन्याखालचं सोडून सगळी. आणि ते भरलंच नव्हतं मी, म्हणजे त्यात हवा गेली असणार. तेही गेलंच समज."

"व्हिनेगर म्हणून तरी विकता येईल का?"

"अजून अर्धवट आहे. ना धड पिण्याची, ना धड काचा पुसण्याची."

धाकटीने साखरेचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं. "उद्या बारवाला येतोय. तुम्ही काही बोलू नका. तो घेऊन जाऊ दे. त्याला आंबटच हवंय असं हे म्हणत होते. पुढचं पुढे बघू. ऐकताय ना?"

थोरलीने होकारार्थी मान हलवली. जगण्याची गोष्ट होती. ती का नाही म्हणेल?

बारवाला सकाळी आला. चाळिशीचा, डोकं तुळतुळीत, गळ्यात चष्मा लोंबणारा. त्याने घाणा पाहिला, लाकडावर हात फिरवला, पिंपांवरचं बुरशीचं पांढरं बघून "वा" म्हणाला. दीर नाक पुसत मागे मागे फिरत होता. अंगणात बाकावर गवंडी येऊन बसला होता. दिराने मुद्दाम बोलावलं होतं, जुनं गिऱ्हाईक म्हणून दाखवायला. त्याच्यापुढे पेला होता आणि तो आपल्या बुटांकडे बघत होता.

धाकटीने भरलेला पेला बारवाल्याच्या हातात दिला. त्याने हुंगलं, डोळे मिटले, घोट घेतला. त्याच्या गालाचे स्नायू आत ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. धाकटीने पदराची कड मुठीत धरली.

"क्या बात है," तो म्हणाला. "ही धार! हे आता कुठे मिळतं? लोक गुळगुळीत पिऊन कंटाळलेत हो. त्यांना खरखरीत हवंय. घशाला कळलं पाहिजे की काहीतरी प्यायलो." तो थोरलीकडे वळला. "तुम्हीच ना त्या? मी फळ्यावर तुमचंच नाव लिहिणार आहे. नाकवालीची सायडर."

दिराच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. आता थोरलीने फक्त हसायचं होतं. तिने प्रयत्न केला. पण तिच्या मनात एक भलतीच गोष्ट शिरली आणि निघेना. हा माणूस व्हिनेगरला वा म्हणतोय. म्हणजे आजवर जे वा म्हणत आले, तेही असंच म्हणत होते का? ती सगळी चांगली वर्षं, ओल्या लोकरीची, हिरव्या देठाची, तीही कोणाच्या तोंडापर्यंत पोचलीच नव्हती का?

"ही बिघडलेली आहे," ती म्हणाली.

बारवाला हसला. "तुम्हा लोकांचा हा साधेपणा!"

"साधेपणा कसला डोंबलाचा? व्हिनेगर झालंय त्याचं. तांब्याची भांडी घासा, लख्ख निघतील."

"ताई," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली.

"वहिनी, काय बोलताय?" दीर पुढे आला. "त्यांना आवडलीय."

"आवडली म्हणून चांगली होत नाही."

बारवाला अजून हसतच होता, जरा कोड्यात पडल्यासारखा. "अहो, पण मला खरंच आवडलीय. तुमच्या नाकाला वेगळं वाटत असेल."

"माझ्या नाकाला काहीच वाटत नाही," थोरली म्हणाली. "तापात गेलं ते. मी हिवाळाभर वास कळत नसताना पिंपं भरली. भाऊजी, मी तुम्हाला 'ठणठणीत आहे' म्हणत होते ते सगळं खोटं होतं."

गवंड्याने आपला भरलेला पेला हळूच बाकावर ठेवला. बारवाल्याने हातातल्या पेल्याकडे पाहिलं, पुन्हा एक छोटा घोट घेतला, आणि या खेपेला तोंड वाकडं केलं. पेला तोच, सायडर तीच. रुमालाने ओठ पुसत तो म्हणाला, "खरंच की. व्हिनेगरच आहे."

तो गेल्यावर दीर उंबऱ्यावर बसला. ओरडला असता तर थोरलीला सोसलं असतं. तो ओरडला नाही. रुमालाची घडी घालत म्हणाला, "मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला घराबाहेर काढलं असतं, वहिनी?" आणि उत्तराची वाट न बघता उठून, टायरवाल्याला निरोप द्यायला निघून गेला.

काढलं नसतं. थोरलीला माहीत होतं. पण घरचं असणं आणि ठेवून घेतलेलं असणं यांतला फरक त्याला कधी समजावून घ्यावा लागला नव्हता.

ती खाली गेली. थोड्या वेळाने मागून पावलं आली. धाकटीच्या हातात दोन पेले आणि एक खडू होता.

"काय करतेस?"

"ती काही तुमच्या म्हणण्यावरून ओतून द्यायची का सगळी? बघायला नको, किती गेलीय ती?"

"तुला काय कळणार? तू तर आंबट म्हणशील."

"आंबट म्हणेन," धाकटी म्हणाली. "तुम्ही विचारा की पुढचं. मामंजी विचारायचे तसं."

थोरलीने पहिल्या पिंपातून पेला भरून तिच्या हातात दिला. धाकटीने नाक जवळ नेलं, आक्रसलं.

"आंबट."

"कशासारखं?"

धाकटी विचार करू लागली. असा विचार तिने कधी केला नव्हता. तिला आपली सायडर आवडत नाही एवढंच माहीत होतं. "तापात तुमच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते ना," ती शेवटी म्हणाली. "तसं."

थोरलीने पिंपावर खडूने फुली मारली. दुसऱ्यापाशी गेल्या. "पट्ट्या." फुली. तिसऱ्यापाशी धाकटीने नुसती मान हलवली. एकेक करत त्या भिंतीकडेने गेल्या, आणि दर फुलीला थोरलीला वाटे, आता पुढचं बघायला नको. एका पिंपाला ती म्हणाली, "हे तुरट सफरचंदांचं होतं, टणक, बारीक. सासऱ्यांचं आवडतं." धाकटीने हुंगलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पट्ट्याच आहेत, ताई."

अकरा फुल्या झाल्या. जिन्याखालच्या पिंपाकडे थोरली बघेना. धाकटीच पदर खोचून, गुडघ्यांवर रांगत आत गेली. बूच काढल्याचा आवाज आला, मग एक बारीक फुसकारा.

"फुसकारतंय हे," ती आतून म्हणाली.

थोरली जागच्या जागी उभी राहिली. शेवटच्या घाण्याचं ते पिंप. उशिरा भरलेलं, आंबता आंबता थंडीत झोपून गेलेलं, ते आता उन्हाळ्याच्या तोंडावर उठलं असेल का? आतून अजून बुडबुडे सोडत असेल, तर त्याने हवेला जागाच दिली नसेल. असं होतं कधीकधी. क्वचित होतं.

धाकटी पेला घेऊन रांगत बाहेर आली. केसांत कोळिष्टकं. तिने हुंगलं. मग एक घोट घेतला, जो आधीच्या अकरा पिंपांपाशी एकदाही घेतला नव्हता. थोरलीला तिच्या गळ्याची हालचाल दिसली.

"आंबट," धाकटी म्हणाली.

"कशासारखं?"

"पट्ट्या नाहीत."

"नीट बघ."

"बघितलं. पट्ट्या नाहीत. कच्च्या सफरचंदाला दात लावला की जबड्याच्या मागे कळ येते, तसं. आणि मग काहीतरी... ओल्या कुत्र्यासारखं."

"कुत्रं की लोकर?"

"मला नाही सांगता येत. ओलं काहीतरी केसाळ."

थोरलीने तिच्या हातातून पेला घेतला, तोंडाला लावला. जिभेला आंबट कळलं. बाकी काही नाही. गार, ओलं, मुकं. तिने पेला खाली केला. "माझं मन राखू नकोस," ती म्हणाली. "आज तरी राखू नकोस. खोटं बोललीस तर मला कधी कळणारसुद्धा नाही."

"मन राखायचं असतं," धाकटी तोंड पुसत म्हणाली, "तर वीस वर्षं तुमच्या तोंडावर आंबट म्हटलं असतं का?"

वर अंगणात गवंडी अजून बसलेला होता. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. थोरलीने खडू फळीवर ठेवला. अकरा पिंपं ओतून द्यायची होती, टायरवाला उद्या मोजमाप घ्यायला येणार होता, आणि एका लहानशा पिंपाने यातलं काहीच थांबणार नव्हतं. तिने तो पेला पुन्हा धाकटीपुढे धरला.

"आणखी एक घोट घे," ती म्हणाली. "आणि हळू सांग. ते ओलं आहे ना, ते आधी येतं की मागून?"